बस्त्याच्या मधातली दहा मिनिटं

काकाजी,

आज दुकान बंद आहे. अमरावतीच्या आमच्या राजापेठेतला हा आठवड्याच्या सुट्टीचा दिवस. शटर अर्धं खाली ओढून मी मागच्या लहान खोलीत एका स्टुलावर बसलो आहे. ठरवलं होतं की दहा मिनिटं कोणाशी बोलायचं नाही, फोन बाहेर ठेवायचा, काहीच करायचं नाही. तुम्ही बसायचे तसं. मांड्यांवर हात ठेवून चांगला तयारीनं बसलो आणि बऱ्याच वेळानं घड्याळ पाहिलं, तर तीन मिनिटं झाली होती. चौथ्या मिनिटाला बाहेर कोणाची तरी स्कूटी कोणाला घासून गेली, दोघं भांडायला लागले, आणि माझा जीव नुसता वरखाली झाला. भांडण रंगात आलेलं आणि मी इथे आत! उठलो नाही, एवढं मात्र केलं. पण साडीच्या घडीत घालतात तो पांढरा कागद ओढला आणि तुम्हाला लिहायला लागलो. बोलायचं नाही तर निदान लिहावं. तुम्ही म्हणाल, हे तेच झालं. हो, तेच झालं.

अकोल्याच्या त्या कापड दुकानात मी आलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. मूर्तिजापूरकडच्या खेड्यातून आलेला, बारावीत दोनदा आपटलेला, पण तोंड असं चालायचं की सेठजींनी माझी चार वाक्यं ऐकली आणि थेट गादीवर बसवलं. माझं दुसरं भांडवल म्हणजे कान. बायका पायऱ्या चढताना आपसात काय कुजबुजतात ते मला आत बसल्या बसल्या ऐकू यायचं. 'नुसतं पाहू वं, घ्याचं नाही,' असं म्हणत चढणारी बाई आत आली की मी आधीच म्हणायचो, 'या ताई, नुसतं पाहून जा, घेऊ नका बरं!' ती चपापायची, मग हसायची, आणि दोन साड्या घेऊन जायची. सेठजी खूश. तुम्ही तेव्हा त्या दुकानातले सगळ्यात जुने सेल्समन. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, 'कान चांगले हायेत तुहे. तोंडाले जरा सुट्टी देत जाय.' पहिल्याच आठवड्यात. मला राग आला होता. मनात म्हणालो, म्हातारा माझ्यावर जळतो.

खरं तर तुम्ही तेव्हा म्हातारे नव्हते. आज माझं जे वय आहे त्याच्यापेक्षा लहानच असाल.

बस्त्याचे दिवस तुमच्याइतके कोणाला माहीत? दोन्हीकडची मिळून तीस-चाळीस माणसं सकाळी गादीभोवती बसायची ती दिवेलागणीला उठायची. नवरीचा शालू, वरमाईची साडी, मग आत्या, माम्या, मग मानपानाच्या साड्यांचा ढीग. मधेच चहा, मधेच घरून आलेले डबे, मधेच एखादी आत्या रुसून पायरीवर जाऊन बसणार आणि तिला आणायला चौघी जाणार. 'मले काय, कोणतीही चालते,' असं म्हणणारी बाई सगळ्यात जास्त वेळ घेणार. मला तो दिवस म्हणजे जत्रा. माणसं वाढत जायची तसा मी फुलत जायचो. संध्याकाळी बाकीचे सेल्समन भिंतीला पाठ लावून पडलेले असायचे आणि मी म्हणायचो, चला बे, चौकात चहा पिऊन येऊ. तुम्ही येत नव्हते. तुम्ही चप्पल घालून सरळ घरी. मला वाटायचं, काय हे माणूस, दिवसभर लोकांत राहूनही याला माणूस आवडत नाही.

आणि बस्त्याच्या मधात तुम्ही उठायचे. दुपारी तीनच्या सुमारास, गादीवर साठ-सत्तर साड्या उघड्या पडलेल्या, नवरीला सगळ्या सारख्याच दिसायला लागलेल्या, मावशीचं आणि वरमाईचं रंगावरून बिनसलेलं, अशा वेळी. 'वरून एक आणतो,' एवढं म्हणून शिडीनं माळ्यावर. तो माळा फळ्यांचा होता, वर चालणाऱ्याचं पाऊल खाली वाजायचं. मला ते ऐकू यायचं. सात पावलं भिंतीपर्यंत. मग काही नाही. गठ्ठा सोडल्याचा आवाज नाही, कागदाचा आवाज नाही. दहा मिनिटं नुसती शांतता. मग परत सात पावलं, आणि शिडी करकरायची. तुम्ही खांद्यावर एकच साडी टाकून उतरायचे. ती नवरीसमोर ठेवायचे, पदर थोडासाच मोकळा करायचे आणि काही बोलायचे नाही. इकडे मी सकाळपासून 'हा रंग तुम्हाला काय खुलते ताई' म्हणून घसा कोरडा केलेला. ती पोरगी हात पुढे करून त्या एका साडीला लावायची. झालं. चाळीस माणसांचा जीव भांड्यात पडायचा.

हे वर करतात काय, म्हणून एकदा मी मागोमाग चढून आलो, आठवतं? तुम्ही एका गठ्ठ्यावर भिंतीला टेकून बसलेले, हात मांड्यांवर, डोळे उघडे. मी घाबरलो.

'बिमार हाये का काकाजी?'

'नाही.'

'मंग काय करून राह्यले?'

'बसलो.'

'काहून?'

तुम्ही म्हणाले, 'खाली चाळीस जण बोलून राह्यले. ते सारं अंगावर बसते माह्या. झटकल्याशिवाय मले साडी दिसत नाही. जाय तू.'

मी उतरलो. मला त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. बोलणं अंगावर बसते म्हणजे काय? माझ्या तर ते अंगात जायचं, जेवणासारखं.

तुम्ही माझ्याशी मोकळे बोलायचे ते फक्त पितृपक्षात. पंधरा दिवस गिऱ्हाईक नाही, सेठजी घरी. बाकी सगळ्यांना कंटाळा, आणि तुमचा चेहरा लग्नघरासारखा. मी दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायचो, मला गमतच नव्हतं. तुम्ही आत एकेक साडी उलगडून घडी बदलून ठेवायचे आणि मला बोलवायचे. काठापदराची अस्सल जर कशी ओळखायची, काठ कुठे विटतो, कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग ठेवला की दोन्ही मरतात, हे सगळं मी त्या पंधरा-पंधरा दिवसांत शिकलो. आणि एकदा घडी घालता घालता तुम्ही म्हणाले, 'तू जे बोलतं ना, ते गिऱ्हाइकासाठी नाही. तुले पाह्यजे म्हणून बोलतं.' मी म्हटलं, 'पण माल तर खपते ना?' तुम्ही म्हणाले, 'खपते. पण उठलेल्या गिऱ्हाइकाले तू हात धरून बसवतं, ते सोड. उठलं तर उठू दे. त्याचं त्याले ठरवू दे. आलं वापस तर आपलं.' हे मात्र मला कधीच जमलं नाही. पायरी उतरणाऱ्या बाईला 'ताई, एकच पाहून जा' म्हटल्याशिवाय माझी जीभ आजही आत जात नाही.

आता जी गोष्ट लिहिणार आहे ती तुम्हाला माहीत होती की नव्हती, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

तो मोठा बस्ता होता, दुपारची वेळ, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. तुम्ही नुकतेच वर गेलेले. सेठजींनी मान वर करून विचारलं, 'अरे, काकाजी कहाँ गए?' त्यांनी सहज विचारलं होतं. साडी काढून राह्यले, एवढं मी म्हणालो असतो तर गोष्ट तिथे संपली असती. पण समोर चाळीस माणसं होती, मघापासून माझ्या एकेका वाक्यावर हसत होती, आणि माझी जीभ घसरली. मी म्हणालो, 'वर त्याईचं सासर हाये, सेठजी. जावई गेला की झोप काढूनच येते.' काय हसले सगळे! नवरदेवाचा मामा तर गादीवर थापा मारत होता. सेठजीही हसले. आणि हसता हसता शिडी चढले.

दुसऱ्या दिवशी माळ्याच्या दाराला कुलूप होतं. किल्ली सेठजींच्या कमरेला. वरून काही लागलं तर त्यांना सांगायचं, ते माणूस पाठवणार.

सेठजी वाईट नव्हते, तुम्हाला ओरडलेही नाहीत. त्यांना वाटलं, कामाच्या वेळी झोप बरी नाही, एवढंच. तुम्हीही काही बोलले नाहीत. मी झोपत नाही, हे एक वाक्य तुम्ही बोलू शकले असते. नाही बोलले. तीनच्या सुमारास तुमची मान आपोआप शिडीकडे वळायची, तेवढं मी पाहायचो. त्या लग्नसराईत तुमच्या हातून नको त्या साड्या यायला लागल्या. सावळ्या पोरीसमोर राखाडी. एकीला दाखवलेलीच परत दाखवली. आणि एक दिवस तुम्ही, ज्यांनी कधी गिऱ्हाइकाला 'अहो' शिवाय हाक मारली नाही त्या तुम्ही, एका आत्याबाईंना म्हणाले, 'घ्याचं नसन तर उठा ना बाई.' सेठजींनी तुम्हाला बाहेरच्या काउंटरवर दिलं, ब्लाउजपीस आणि अस्तराच्या. त्यांच्या लेखी हलकं काम. रस्त्याच्या कडेला, दिवसभर ऑटोंचे भोंगे, आणि दर दोन मिनिटाला एक बाई तुकडा घेऊन, 'यावर मॅचिंग द्या.' तुम्ही तिथे दिवाळीपर्यंत टिकले. मग यायचे थांबले.

तुमची जागा मला मिळाली, हे लिहायचं राहत होतं. मी ती घेतली.

तुमच्या घरी मी दोनदा आलो. पहिल्यांदा आलो तेव्हा तुम्ही तुमचा कापड मोजायचा लोखंडी गज मला दिला. म्हणाले, 'मले आता मोजाचं काय हाये.' मी तासभर बसलो आणि तासभर मीच बोललो. निघताना काकूंनी दारात सांगितलं, 'बरं झालं आले भाऊ, पण हे आता दोन दिवस झोपतील.' मी ते हसण्यावारी नेलं. दुसऱ्यांदा आलो ते तुम्ही गेल्यावर, तिसऱ्या दिवशी. तेव्हा अमरावतीला मी नुकताच स्वतःचा धंदा सुरू करत होतो, आणि खरं सांगायचं तर लवकर निघालो.

दुकान चांगलं चाललं, काकाजी. सायकलवर गठ्ठा बांधून गल्लोगल्ली फिरलो, मग भाड्याचा ओटा, मग एक गाळा, आता दोन मजले. वरच्या मजल्यावर फक्त शालू आणि पैठण्या, चारही बाजूंनी आरसे, पांढरे दिवे. या दुकानात कोणी कोणाला दिसणार नाही अशी एक जागा नाही, असं मी सगळ्यांना छाती फुगवून सांगायचो. तुमचा गज गल्ल्याच्या मागे भिंतीवर आहे. कोणी विचारलं की मी तुमची गोष्ट सांगतो. माळ्याचा भाग गाळून सांगतो.

आणि माझी धाकटी मुलगी. नागपूरला कापडाचंच शिकून आली आणि चार वर्षांपूर्वी आपण होऊन म्हणाली, बाबा, मी दुकानात बसते. मला आभाळ ठेंगणं झालं. पहिल्याच बस्त्याला मी पाहिलं, ती फार बोलत नाही. नवरीकडे पाहत राहते. बाकीच्यांचं ऐकते, मान हलवते, उठते आणि एक साडी घेऊन येते. पदर थोडासाच मोकळा करते. मी गल्ल्यावरून पाहत होतो. हे तिला कोणी शिकवलं? मी तर शिकवलं नाही. मला येतच नाही.

पण घरी आली की दार लावून घ्यायची. बस्त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या ताटावरही शब्द नाही. तिची आई म्हणायची, दमली असेल. मी म्हणायचो, दमली म्हणूनच चार गोष्टी कराव्या, मन मोकळं होते. एकदा जेवताना ती म्हणाली, 'बाबा, मी इंट्रोव्हर्ट आहे.' मी घास हातात धरूनच विचारलं, 'मंग डॉक्टर काय म्हणते?' ती इतकी हसली की पाणी प्यावं लागलं. मग तिनं समजावून सांगितलं. 'बाबा, आपण कापडाला खळ करतो ना, तसं समजा. लोकांत बसलं की तुम्हाला खळ चढते, तुम्ही कडक होता. माझी उतरते. मग थोडा वेळ एकटी राहिले की मी परत कडक. बिमारी नाही ही. फक्त मधात थोडा वेळ पाहिजे.' मी म्हणालो, 'समजलं माय.' आणि काकाजी, खरंच समजलं होतं. ऐकता ऐकता माझ्या डोक्यावर सात पावलं वाजली होती. पण समजलं म्हणून माणूस बदलतो थोडाच? दुसऱ्या दिवशी सकाळी मीच तिला म्हणत होतो, चल, आज तीन पार्ट्या आहेत, मजा येईल.

गेल्या लग्नसराईत धामणगाव रेल्वे या गावचा बस्ता आला. पंचेचाळीस माणसं, दोन गाड्या भरून. तीन वाजता मी पाहतो तर ती जागेवर नाही. नवरी ताटकळलेली, वरमाई विचारते, 'मघाची ताई कोठी गेली?' मी कान दिला. ट्रायल रूमची कडी आतून लागल्याचा आवाज मी मघाच ऐकला होता आणि आत कापडाची सळसळ नव्हती. मला कळलं ती कुठे आहे. काय करून राह्यली तेही कळलं. आणि एवढं कळून, समोर पंचेचाळीस तोंडं पाहून, मी दारावर टकटक करत मोठ्यानं म्हणालो, 'नवरी राह्यली बाजूले, आमची पोट्टीच बसली कोपभवनात!'

सगळं दुकान हसलं. काकाजी, मी तुम्हाला सांगतो, माझे कान कधी चुकत नाहीत. तेच हसणं होतं. तीस-पस्तीस वर्षांत एवढंही बदललं नव्हतं. मला वाटलं आता कोणीतरी गादीवर थापा मारेल. मी तिथे दारावर हात ठेवून उभाच होतो.

कडी निघाली. ती बाहेर आली, कोणाकडे न पाहता वरच्या मजल्यावर गेली, एक साडी घेऊन आली. नवरीनं हात लावला. पण मला काहीही बोलली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतर आठवडाभर नाही.

मी काय केलं असेल? माझ्या परीनं लगेच कामाला लागलो. मागची पॅकिंगची खोली रिकामी केली, जिच्यात आता बसलो आहे ती. रंग दिला, कूलर, चांगली गादीची खुर्ची, भिंतीवर गणपती. म्हटलं, माय, ही तुझी. पाहिजे तेव्हा येऊन बस. तिचे डोळे भरून आले होते. पहिल्या दिवशी ती आत गेली आणि पाच मिनिटांनी मी दार ढकललं, कूलर लावून देऊ का? मग पाणी नेलं. मग चहा. मग वाटलं, विचारून तर घ्यावं की शांत वाटून राह्यलं की नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी परतवाड्याचे एक ओळखीचे सहकुटुंब आले, त्यांना मी दुकान दाखवत होतो, आणि दाखवता दाखवता हे दारही उघडलं. 'आणि ही आमच्या पोरीची खास शांत बसाची खोली!' सहा माणसं दारात, आणि ती आत खुर्चीवर. त्यातल्या बाई म्हणाल्या, 'अरे वा, बसा बसा.' तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, काकाजी. मी सुधारणार नाही हे कळल्यावर बायको जशी पाहते तशी. त्यानंतर ती या खोलीत आली नाही. जेवणाच्या सुट्टीत जाऊन गाडीत बसायची, काचा वर करून, उन्हात.

गेल्या महिन्यात ती म्हणाली, 'बाबा, मी अकोल्याला चालली.' तिची एक मैत्रीण तिथे साड्यांवर हातानं रंगकाम करते, तिच्यासोबत. मी लगेच सुरू झालो. पगारी मॅनेजर ठेवू, तू फक्त वरचा मजला पाहा, बस्ते मी सांभाळतो, आठवड्यात तीनच दिवस ये. एकामागून एक साड्या उघडाव्या तसा मी बोलत होतो. ती ऐकत होती. मग म्हणाली, 'बाबा, तुम्ही आत्ता मला साडी दाखवून राहिले.' मी थांबलो. 'तुम्ही वाईट नाही,' ती म्हणाली. 'पण तुम्ही असताना मला दिवसभर ऐकूच येते. तुम्ही बोलत नसले तरी तुम्ही बोलणार आहे हे ऐकू येते.'

मग तिच्यासोबत मी ती जागा पाहायला गेलो. एक लांब टेबल, चार जणी माना खाली घालून बसलेल्या, पंख्याचा आवाज, ब्रश पाण्यात बुडवल्याचा आवाज. अर्ध्या तासात कोणी एक शब्द बोललं नाही. मला कणकण आल्यासारखं झालं. आणि ती हसत होती, टेबलाकडे पाहून, कोणासाठीही नाही. चार वर्षांत दुकानात मी तिला तशी हसताना पाहिली नव्हती. बाहेर पडलो आणि पायी आपल्या जुन्या दुकानावरून गेलो. आता तिथे मोबाईलचं दुकान आहे. आत गेलो, वर पाहिलं. पांढरं छत, त्यात गोल दिवे बसवलेले. तिथल्यानं विचारलं, 'काय पाहिजे काका?' मी म्हणालो, काही नाही. आणि पायरी उतरलो.

तिला थांबवायचे सतरा उपाय मला येतात, तेच माझं काम आहे. पण त्यातला कोणताही केला की ती आणखी एक पायरी उतरेल, हे मला दिसतं. आणि दुसरं काही मला येत नाही. तुम्ही असते तर विचारलं असतं, की काकाजी, न बोलता माणसाला थांबवतात कसं? बहुतेक तुम्ही म्हणाले असते, थांबवतच नाही.

इथपर्यंत लिहिलं होतं आणि शटरखालून ती आत आली. तिची पावलं मी ओळखतो. कात्री, रंगांच्या नमुन्यांचा गठ्ठा आणि पाण्याची बाटली न्यायची होती. उद्या सकाळच्या बसनं जाणार आहे. मी इथे, या खोलीत, एकटा, गप्प बसलेला पाहून ती दारातच थबकली.

'बाबा? तब्येत बरी आहे ना?'

'हो.'

'मग काय करून राहिले?'

'बसलो,' मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग आत येऊन समोरच्या खुर्चीवर बसली. मी काही म्हणालो नाही, तीही नाही. कूलर बंद होता, तिनं लावला नाही. बाहेर कोणीतरी भाजीची गाडी ओढत गेलं. तिच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता, हळूहळू संथ होत गेलेला. किती वेळ झाला ते पाहिलं नाही, पण दहा मिनिटं नक्की झाली असतील. ती वर्षभरात माझ्याजवळ एवढा वेळ बसली नव्हती. मग उठली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, 'येते बाबा,' म्हणाली, वाकून शटरखालून बाहेर गेली. मी तिच्या चपलांचा आवाज मोजत राहिलो. तीन पायऱ्या. मग रस्ता.

हा कागद आता ज्या घडीतून काढला तिच्यातच परत ठेवतो. साडी तिनंच निवडून ठेवलेली आहे, विकायची नाही. कधी कोणी उलगडली तर उलगडली.

मी तिला थांब म्हणालो नाही. पण तुमचं ऐकून म्हणालो नाही, असं समजू नका काकाजी. म्हणणारच होतो. ती दुसऱ्या पायरीवर होती तेव्हा मी तोंड उघडलं होतं. आवाज निघाला नाही.